एकतिसावा दिवस

रविवारची मिसा आटोपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर ज्या गाठीभेटी होतात, त्यांत धर्मगुरूची खरी परीक्षा असते. प्रवचनावर कोणी प्रश्न विचारीत नाही. पायऱ्यांवर मात्र विचारतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी राहुरीच्या आमच्या एका माउलीने पदराआडून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"फादर, पोराला कंपनीवाले जर्मनीला पाठवत्यात. सगळं इंग्रजीत हाय. पगाराचं नका सांगू, ते त्यो सांगतो. तिथं गेल्यावर त्यो झोपणार कुठं, तेवढं वाचून सांगा. त्याला इच्यारलं तर नुसतं 'हाय सोय' म्हनतो."

मुलगा माझ्या चांगल्या ओळखीचा. लहानपणी वेदीसेवक होता. पुढे पदविका घेऊन पुण्याजवळच्या कारखान्यात लागला. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी स्टुटगार्टकडे पाठवीत होती. मी कागदावरून नजर फिरवली. 'पहिले तीस दिवस कंपनीच्या खर्चाने तात्पुरते सुसज्ज निवासस्थान' असे त्यात स्वच्छ लिहिले होते. मी म्हणालो, "बाई, काळजी सोडा. घर कंपनीचं आहे." त्या म्हणाल्या, "मग झालं," आणि मी चहाला निघून गेलो. तीस हा आकडा मी वाचला होता. एकतिसावा दिवस माझ्या मनात आलाच नाही.

परदेशी पाठवलेल्या नोकराच्या घराची ही व्यवस्था कशी चालते, हे मला पुढे त्याच्याकडूनच कळले. कंपनी स्वतः घर शोधीत नाही. ती हे काम एखाद्या मध्यस्थ संस्थेवर सोपवते, आणि ती संस्था काही आठवड्यांसाठी सामानासह सदनिका घेऊन देते. अंथरूण-पांघरूण, चार भांडी, पाणी तापवायची किटली, आठवड्यातून एकदा झाडलोट असे सारे त्यात येते. अशा जागेचे भाडे नेहमीच्या घरापेक्षा पुष्कळ अधिक, म्हणून दिवस मोजून दिलेले असतात. काही कंपन्या तर एकरकमी पैसे हाती ठेवतात आणि तुमचे तुम्ही पाहा म्हणून मोकळ्या होतात. यात लबाडी नाही. कंपनीच्या दृष्टीने माणूस सोमवारी यंत्रापाशी उभा राहिला की काम झाले.

मुलगा रात्री पोहोचला. दारात कोणी नव्हते. भिंतीवर आकड्यांची लहानशी पेटी आणि तिच्यात किल्ली. त्याने छायाचित्रे धाडली. पांढऱ्या भिंती, पांढरी चादर, खिडकीत एकही कुंडी नाही. माउलीने मोबाईल माझ्यापुढे धरून म्हटले, "दवाखान्यावानी दिसतंय, पर सवच्छ हाय."

जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, आणि तिच्यासाठी घर देणाराची सही असलेला दाखला लागतो. त्या संस्थेने सांगितले, इतक्या थोड्या मुक्कामासाठी आम्ही असा दाखला देत नाही. दाखला नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून कर क्रमांकही नाही; कारण तो नोंदलेल्या पत्त्यावर टपालानेच येतो. कर क्रमांकावाचून पगारातून चढ्या दराने कर कापला जाऊ लागला. बँकही बिचकू लागली. भाड्याचे घर पाहायला जावे, तर घरमालक मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागे, शिवाय देणी वेळेवर फेडल्याचा तिकडचा दाखला. नुकत्याच आलेल्या माणसाजवळ हे कोठून असणार? अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेता येते. आणि घर मिळाले तरी ते बहुधा रिकामे. पुष्कळदा मागचा भाडेकरू जाताना स्वयंपाकघराचा ओटासुद्धा उचलून नेतो! तेथे 'थंड भाडे' आणि 'उबदार भाडे' असे दोन प्रकार असतात. पहिल्यात नुसत्या भिंती, दुसऱ्यात पाणी आणि घर तापवण्याचा खर्चही. हे ऐकून मला हसू आले होते. त्याला आले नाही.

तीस दिवस संपले. कंपनीने दोन आठवडे वाढवून दिले आणि मग नियमावर बोट ठेवले. एका रात्री उशिरा त्याचा फोन आला. "फादर, उद्यापासून एका सहकाऱ्याच्या बैठकीत झोपायचं आहे. आईला सांगू नका. बायकोला पण नको." पत्नी आणि तान्ही मुलगी येथे राहुरीत वाट पाहत होत्या, घर झाल्याशिवाय त्याला त्यांना नेता येत नव्हते. मुलीचा पहिला वाढदिवस त्याने मोबाईलच्या पडद्यावर पाहिला.

खरे तर हे मला आधीच सुचायला हवे होते. राहुरीत राहणाऱ्या माणसाला नोकरीपुरत्या घराची ओळख करून द्यावी लागत नाही. दिवाळी सरते न सरते तोच बीड-पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्याकडून मिळालेल्या बांबूंच्या आणि चटयांच्या कोप्या उभारतात आणि हंगाम संपला की मोडून नेतात. कोपीत छप्पर असते, पत्ता नसतो. मूल आजारी पडले की डॉक्टर गाव विचारतो, आणि आई शंभर मैलांवरचे नाव सांगते. पांढरी चादर घातली म्हणून स्टुटगार्टच्या त्या सदनिकेची जात काही वेगळी नव्हती.

सेमिनरीत असताना मी दुसरीही एक रीत पाहिली होती. पुण्याहून सुटीत एका गोवेकर वर्गबंधूबरोबर मुंबईला गेलो, तेव्हा तो मला धोबी तलावावर त्याच्या गावच्या 'कुडी'त घेऊन गेला. बोटीवर नोकरी करणाऱ्या गोवेकरांसाठी त्यांच्या गावांनीच या कुडी मुंबईत उभ्या केल्या होत्या. एका गावची एक, अशा शेकडो. बोट मिळेपर्यंत आणि बोट सोडल्यावर गावी जाईपर्यंत खलाशाने तेथे राहावे. मोठे दालन, भिंतीच्या कडेने पत्र्याच्या पेट्यांची रांग, रात्री पेटीशेजारी चटई पसरायची. टोकाला वेदी, तीवर गावच्या आश्रयदात्या संताची मूर्ती आणि संध्याकाळी रोझरीला हजेरी. सोय म्हणावी तर बेताचीच. अंग वळवायला जागा नव्हती, आणि गडबड तर विचारू नका. पण एक म्हातारा स्वयंपाकी मला म्हणाला की त्याच्या पेटीची जागा वीस वर्षे तीच आहे. बोटीच्या कंपन्या बदलल्या, तो आफ्रिकेला गेला, विलायतेला गेला. टपाल मात्र याच कुडीच्या पत्त्यावर येत राहिले. नोकरी सुटली म्हणून त्याला कोणी तेथून उठवू शकत नव्हते, कारण ती जागा नोकरीने दिलेलीच नव्हती.

त्या रात्री फोन ठेवल्यावर मला ती पेट्यांची रांग आठवली. काही वर्षांपूर्वी बव्हेरियातील एका धर्मग्रामात मी महिनाभर बदली धर्मगुरू म्हणून गेलो होतो. तेथल्या फादरांना पत्र लिहिले. (आपल्या राहुरी तालुक्यातल्या केंदळहून १९०३ साली 'निरोप्या' सुरू करणारे फादर डोरिंग जर्मन होते, याचीही त्यांना आठवण दिली. उसने मागताना जुनी नाती काढावीच लागतात.) आठ दिवस उत्तर नाही. मग कळले की त्यांनी स्टुटगार्टकडील एका धर्मगुरुबंधूंना विचारले आहे आणि तेथील एक निवृत्त जोडपे वरची खोली द्यायला तयार आहे. कारखान्यापासून आगगाडीने तासाभराचा रस्ता. खोली तिरप्या छपराची, उभे राहिले की डोके लागते. पण त्या आजोबांनी पहिल्याच दिवशी दाखल्यावर सही केली. पुढचे सारे त्या सहीमागून आले. तरी बायको-मुलगी पोहोचेपर्यंत आणखी पाच महिने गेले.

हा तर शिकलेला मुलगा. प्रश्न पडला तर कोणाला विचारावे, हे त्याला ठाऊक होते. आखातात जाणाऱ्या वेल्डरला, गवंड्याला घराच्या बाबतीत निवडच नसते. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या वसतिगृहाला पहाटे आग लागली. धूर जिन्यातून वर चढला आणि वर झोपलेली माणसे गुदमरली. त्यांत बहुतेक भारतीय होते. तीही कंपनीने केलेलीच सोय होती. त्या आठवड्यात मिसेत आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली, आणि 'घर कंपनीचं आहे' हे माझेच वाक्य मला पुन्हा ऐकू आले.

माउलीला हे सारे अखेर सुनेकडून कळले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "फादर, तुमी वाचून सांगितलं व्हतं ना?" यावर मला उत्तर नव्हते, आजही नाही.

गेल्या महिन्यात एक कुटुंब असाच कागद घेऊन माझ्या कचेरीत आले. मुलगी परिचारिका, तीही जर्मनीलाच निघालेली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून आपल्या भागातही जर्मनीचे नाव वरचेवर कानी पडते. या खेपेस मी चष्मा पुसून कागद वाचला. 'निवासाची सोय होण्यासाठी साहाय्य करण्यात येईल,' असे वाक्य होते. वडील म्हणाले, "म्हणजे घर देणार." मी म्हणालो, "नाही. 'सोय करू' वेगळं आणि 'सोय होण्यासाठी साहाय्य करू' वेगळं. वरातीला बैलगाडी देणारा आणि बैलगाडी कोणाकडे आहे ते सांगणारा, यांत फरक आहे ना?"

मग आम्ही त्या रुग्णालयाला पत्र लिहायला बसलो. खोलीचा करार कोणाच्या नावावर होणार, पत्त्याच्या नोंदीसाठी सही कोण देणार, भाडे पगारातून कापणार की वेगळे, नोकरी सुटली तर किती दिवसांत खोली सोडावी लागेल, एका खोलीत किती जणी, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का. 'पहिल्या महिन्यानंतर काय?' हा प्रश्न मी सर्वांत वर घातला.

योगायोगाने त्या माउली मिसेच्या देणगीचे पैसे द्यायला आल्या होत्या. दाराशी उभ्या राहून त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग मुलीकडे पाहत मला म्हणाल्या, "खोलीला आतनं कडी हाय का, ते पन इच्यारा."

मी ते इंग्रजीत लिहिले.