पाण्याला उतार लागतो

आमच्या रत्नागिरीच्या घरात पावसाळा आला की मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही आणि कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो. अब्बा मराठी शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर दोन कपाटं भरून पुस्तकं आणि त्यांच्या हातच्या वह्या मागे राहिल्या. त्या वह्यांसाठीच मी हवेतला ओलावा काढणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, घेतलं.

यंत्राचं काम साधं आहे. आतला पंखा खोलीतली दमट हवा ओढून थंड नळ्यांवरून नेतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात, तसे त्या नळ्यांवर येतात. हे पाणी टाकीत जमतं, किंवा मागच्या तोटीला पाइप लावला तर बाहेर जातं. टाकी भरली की यंत्र आपोआप थांबतं. आमची टाकी ४ लिटरची. ऐन पावसात एका रात्रीत भरायची. म्हणून मागच्या ऑगस्टमध्ये पुण्याला निघताना मी पाइप लावला, खिडकीवरून बाहेर सोडला आणि निर्धास्त गेलो.

८ दिवसांनी परतलो तर यंत्र गप्प, लाल दिवा लागलेला, टाकी काठोकाठ. अम्मीला वाटलं, दिवा लागलाय म्हणजे चालू आहे. कपाटात पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढली होती. अब्बांच्या एका वहीतली शाई पसरून दोन पानं एकमेकांना चिकटली होती.

मी दुकानदाराला फोन करून वाटेल ते बोललो. अम्मी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "वजूच्या मोरीला गवंड्याने उतार दिला नव्हता, तेव्हा पाणी दारात यायचं. तुझ्या अब्बांनी फरशी उखडून पुन्हा बसवून घेतली. आणि तू पाइप खिडकीवर चढवलास. पाणी वर कसं चढेल रे?"

यंत्रात पंप नव्हता. पाणी आपल्या वजनाने जेवढं खाली जाईल तेवढंच. पाइपमध्ये अडलेलं पाणी मागे फिरून टाकीत पडत होतं. चूक माझीच होती.

प्लग काढला. यंत्र जुन्या ट्रंकेवर सपाट ठेवलं. पाइप कापून आखूड केला आणि कुठेही झोल न ठेवता थेट मोरीत नेला. त्याचं टोक पाण्यात बुडणार नाही असं अधांतरी ठेवलं. तरी धार बारीकच. तोटी उघडून पाहिली तर आत शेवाळासारखा बुळबुळीत थर. जुन्या टूथब्रशने तो खरवडला, पाइपमधून कोमट पाणी सोडलं. मग दुकानदाराला पुन्हा फोन केला, माफी मागायला.

पुस्तकं व्हरांड्यात सावलीत वाळवली, तोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झाडली. ती दोन पानं मात्र सुटली नाहीत. ओढली तर फाटतील, म्हणून तशीच ठेवली आहेत. त्यावर अब्बांनी काय लिहिलं होतं, आता कळायचं नाही.

अम्मी हल्ली दिव्याकडे बघत नाही. फजरला वजूसाठी उठली की आधी पाइपच्या टोकाखाली हात धरते. हात भिजला की मला झोपेत ऐकू येतं, "चालू आहे रे."