सोपारा-वसई : धर्म बदलला, घर बदलले काय?

आमच्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते एका तहामुळे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथे तह झाला. त्या युद्धाचे मूळ मात्र वर्षभर आधीच्या दुसऱ्या तहात होते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला आणि त्यांची फौज आपल्या दाराशी आणून बसवली. वसईला जे पेटले ते शिंद्यांपुरते आमच्या गावी विझले. शाळेत ही दोन नावे आम्ही एका दमात पाठ केली.

परंतु वसईचा मोठा इतिहास तहांचा नाही. तो धर्मांतरांचा आहे. तिथे बुद्धाचा धम्म होता, तिथे शिवाची देवळे झाली, मग क्रूस आला, मग काहींचा क्रूस गेला, आणि आज तिथेच लाखो लोक नाना धर्मांचे, पोटासाठी येऊन राहिले आहेत. १९५६ साली धर्म बदललेल्या आपल्यासारख्या समाजाने हा मुलूख डोळे उघडे ठेवून पाहावा असा आहे.

शकुंतला गाडी बंद पडल्यापासून अंजनगावकराला एस.टी.ने मूर्तिजापूर नाही तर अकोला गाठावे लागते. तेथून रात्रीची मुंबईची गाडी, दादरला उतरून विरार लोकल. नालासोपाऱ्याला आमचे साडू राहतात. तिथल्या चाळींत वऱ्हाडची, मराठवाड्याची, कोकणची आपली माणसे दाटीने राहतात. कोणी कारखान्यात, कोणी रिक्षावर, बाया घरकामाला. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेब आणि भगवान बुद्ध. आपण ज्या जमिनीवर भाड्याने राहतो ती कोणाची भूमी आहे, हे त्यांतील पुष्कळांच्या कानावर गेलेले नाही. म्हणून हा लेख.

बुरूड राजाचा कोट

स्टेशनच्या पश्चिमेला सोपारा गावात विटांचा एक मोठा ढिगारा आहे. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला तेव्हा आत दगडाची मोठी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे लहान तुकडे होते. ते तथागताच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांचे मत पडले. तांब्याच्या करंडकाभोवती आठ ब्राँझच्या मूर्ती होत्या : सात बुद्ध आणि आठवा, पुढे होणारा मैत्रेय. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. तो ढिगारा म्हणजे स्तूप होता.

सोपारा हे त्या काळचे मोठे बंदर. पाली ग्रंथांत त्याचे नाव सुप्पारक. विजय हा राजपुत्र लंकेला जाण्याआधी या बंदराला लागला, असे महावंस सांगतो. भदंत पुण्ण हे याच सुनापरान्त देशाचे. ते आपल्या मुलखात धम्म सांगायला निघाले तेव्हा तथागतांनी त्यांना विचारले की, तिकडचे लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? पुण्ण म्हणाले, हातांनी मारले नाही, एवढे ते भले आहेत असे मी समजेन. हातांनी मारले तर? दगडांनी मारले नाही एवढे भले. असे विचारत विचारत प्रश्न जीव घेण्यापर्यंत गेला, पण पुण्णांचे उत्तर बदलले नाही. तेव्हा तथागतांनी त्यांना जाण्याची अनुमती दिली. इथला धम्म असा, तलवारीशिवाय आला.

सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे दोन तुकडेही याच भागात सापडले. एक आठव्या लेखाचा, १८८२ सालीच, भाटेला तळ्याजवळ. पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला फिरत, आपण मात्र संबोधीला जाऊन आलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा करतो, वृद्धांना मदत करतो, गावोगावच्या लोकांना भेटून धम्माविषयी बोलतो, असे त्यात अशोकाने सांगितले आहे. दुसरा तुकडा नवव्या लेखाचा. तो समुद्रकाठच्या भुईगावात मिळाला आणि सापडण्याचे साल होते १९५६! ज्या वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी. या नवव्या लेखाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

क्रूस आला

भुईगाव आज ख्रिस्ती वस्तीचे गाव आहे. गास, नंदाखाल, निर्मळ, गिरीज ही सगळी वसईच्या हिरव्या पट्ट्यातली गावे. केळी, फुले, भाजीपाला आणि पानवेली. आमच्या अंजनगावकडे बारी समाजाचे पानमळे आहेत, केळीही आहे, त्यामुळे वाडीत शिरल्यावर परके वाटले नाही. फरक एवढाच की इथे वाटेच्या वळणावर पांढरा क्रूस उभा असतो आणि वाडीच्या मालकाचे आडनाव लोपीस किंवा दिब्रिटो असते.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्री आले. देवळे पाडली गेली. काही लोक भीतीने, काही सोयीने, काही विश्वासाने ख्रिस्ती झाले. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली चर्चने त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. गासला त्याच्या नावाचे चर्च आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पाने वसईचा किल्ला घेतला. दोनशे पाच वर्षांचे फिरंगी राज्य संपले. परदेशी पाद्री गेले. काही कुटुंबे पुन्हा हिंदू झाली, पण पुष्कळ ख्रिस्तीच राहिली. राजा गेला, जबरदस्ती गेली, तरी त्यांनी धर्म सोडला नाही. तेव्हा यांना केवळ बाटवलेले म्हणून हिणवणाऱ्यांनी याचा विचार करावा. ज्या धर्मात माणूस स्वखुशीने पिढ्यानपिढ्या राहतो, तो त्याचाच धर्म.

आणि हे लोक मराठीच राहिले. त्यांची प्रार्थना मराठीत चालते. ‘सुवार्ता’ हे त्यांचे मासिक १९५५ सालापासूनचे. त्याचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईची हिरवळ आणि पाणी बिल्डरांपासून वाचवण्यासाठी ते लढले. २०२४ साली ते गेले. शाळा, वाचनालय, पतपेढी यांकडे या समाजाने दिलेले लक्ष आपण शिकण्यासारखे आहे.

चूल मात्र वेगळी

भुईगावकडे एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. ओसरीवर बसवून त्यांनी चहा दिला. घरात मदर मेरीची तसबीर. माझी पत्नी आत गेली तर तिथे तांदळाची भाकरी थापणे चालू होते. ती बाहेर येऊन म्हणाली, “अहो, यायचं बी घर आपल्यासारखंच हाय.”

मी सरांना विचारले, इथे सगळे ख्रिस्ती एकच ना? ते हसले. म्हणाले, “चर्चमध्ये एक. सोयरिकीला वेगळे.” मग त्यांनी उलगडून सांगितले. इथे सामवेदी ख्रिस्ती आहेत, वाडवळ ख्रिस्ती आहेत, कोळी ख्रिस्ती आहेत. सामवेदींची बोली कादोडी, वाडवळांची वेगळी. त्याच जातीचे हिंदू सामवेदी आणि हिंदू वाडवळ शेजारच्या गावात आहेत, त्यांची बोलीही तीच. एकाच्या घरी येशू, दुसऱ्याच्या घरी गणपती, आणि जात दोघांचीही पूर्वीची. शेकडो वर्षे लग्ने आपापल्या जातीत झाली. “आता पोरं ऐकत नाहीत. शिकली, मुंबईला नोकरीला गेली, आपसांत लग्नं करतात. बरंच झालं की!” असे सर म्हणाले.

मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती लग्नात उंबराचे पाणी आणण्याचा विधी असतो, ओव्या असतात, जुन्या बायांचे लाल लुगडे असते. भाषा, गाणे, भाकरी टिकली यात वाईट काहीच नाही. ती माणसाची कमाई आहे. पण गाण्याबरोबर, भाकरीबरोबर जातही उंबरठा ओलांडून आत आली आणि चारशे वर्षे चुलीपाशी बसून राहिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने नाव धुतले, नाते धुतले नाही.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. भारतातील ख्रिस्ती धर्मांतराविषयी त्यांनी सविस्तर लिहून ठेवले. ते महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली छापून आले. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे काम त्यांनी नाकारले नाही. पण ख्रिस्ती झालेल्यांत जात शिल्लक राहिली आणि अन्यायाशी लढण्याची वृत्ती धर्मांतराने आली नाही, हे त्यांनी स्पष्ट मांडले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा. मधली एकवीस वर्षे त्यांनी उगीच घालवली नाहीत. म्हणूनच त्रिशरण-पंचशीलाबरोबर त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा देवळातल्या नाहीत, घरातल्या आहेत. ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करणार नाही, सर्व माणसे समान मानीन. राजाच्या हुकुमाने झालेले धर्मांतर आणि प्रतिज्ञा घेऊन केलेले धर्मांतर यांत फरक पडायचा तो इथेच.

आपल्या घराचे काय?

आता बांधवांनो, वसईकरांकडे दाखवलेले बोट आपल्याकडे वळवू या. आपल्या वऱ्हाडात बौद्ध मुलीची सोयरीक निघते तेव्हा काही घरांत हळूच विचारतात, “पावणे लाडवण का बावणे? का सोमवंशी?” दीक्षेला सत्तर वर्षे होत आली. विहारात आपण एक आणि सोयरिकीला वेगळे! वसईच्या सरांचेच वाक्य आपल्यालाही लागू पडते. त्यापुढची गोष्ट म्हणजे मातंग, चर्मकार बांधव धम्मात आले तर त्यांच्या घरी आपण मुलगी देतो काय?

भुईगावच्या त्या नवव्या शिलालेखात अशोकाने काय म्हटले आहे ते ऐका. आजारपणात, लग्नात, बाळंतपणात, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात. बायका तर क्षुल्लक विधी फार करतात. त्याचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांवर दया, दान. बायकांवर त्याने ठपका ठेवला, पण आजचा हिशेब पाहिला तर लग्नाचा मुहूर्त काढायला पंचांगवाल्याकडे जाणारा आणि वास्तुशांतीचे पैसे मोजणारा बहुधा घरातला पुरुषच असतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दगडावर कोरलेले आजही आपल्या ओसरीला लागू आहे.

रकाना आणि सोयरीक

आता एक व्यवहाराची गोष्ट. कारकुनी करताना रोज अर्ज पाहतो, म्हणून सांगतो. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या आजही नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेले महार-मांग बांधव गावाने बरोबरीचे मानले नाहीत आणि कागदाने दलितही मानले नाहीत. २०२२ साली केंद्राने या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बाळकृष्णन यांचा आयोग नेमला. त्यांच्या मागणीला आपण विरोध करू नये. ते आपलेच रक्त आहे.

आपल्याबाबत मात्र कायदा स्पष्ट आहे. बौद्ध लिहिल्याने सवलत जात नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पासष्ट लाखांवर बौद्ध नोंदले गेले, देशात चौऱ्याऐंशी लाखांवर. भीतीपोटी हिंदू लिहून गेलेले किती, त्याची मोजदाद कोण करणार? २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे. गणक दारात येईल तेव्हा धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहवून घ्या, आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातींच्या यादीत जे नाव आहे तेच सांगा. ‘नवबौद्ध’ हे यादीतल्या जातीचे नाव नाही. आपल्यासमोर काय लिहिले जाते ते पाहा.

कोणी विचारील, जात सोडली तर लिहायची कशाला? उत्तर असे की ती नोंद आपल्यावर झालेल्या अन्यायाची आहे, हक्क मिळेपर्यंत ती सरकारी कागदावर राहील. पण सोयरिकीच्या बैठकीला असा कोणताही रकाना नाही. तिथे कोणी गणक बसलेला नसतो, कोणाचा हुकूम नसतो. तिथे जात विचारली गेली तर ती आपणच विचारलेली असते.

मुंबईला जाणाऱ्या बांधवांनी नालासोपाऱ्याला उतरून स्तूप जरूर पाहावा. मुलांना न्यावे. जमल्यास भुईगावपर्यंतही जाऊन यावे आणि तिथल्या माणसांशी बोलावे. यालाच अशोक धम्मयात्रा म्हणत होता. आणि परतल्यावर पुढची सोयरीक ठरवताना पाहुण्यांना शिक्षण विचारावे, कामधंदा विचारावा, व्यसन विचारावे. पोटजात विचारू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!