इकडील सर्व क्षेम

७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्याहून निघाला आणि त्याच दिवशी सेलूतलं मंदिर सर्वांना खुलं झालं. सेलूत बसून हा इतिहास वाचणारा माणूस साहजिकच त्या मंदिरापाशी थांबतो. फार तर पुढचे नऊ महिने, साडेबारा हजार मैल आणि जमलेले आठ लाख रुपये एवढं सांगतो. मी मात्र हा दौरा वाचत गेलो तो वेगळ्याच कागदांतून. दौऱ्याच्या बऱ्याचशा काळात कस्तुरबा साबरमतीच्या तुरुंगात होत्या आणि गांधीजी मुक्काम असेल तिथून त्यांना पत्रं लिहीत होते. बापूंची बांना लिहिलेली पत्रं पुढे गुजरातीत पुस्तकरूपाने आली. त्यांत राजकारण शोधायला जाणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. कोण आजारी आहे, कोणाचं पत्र आलं, मुलं-सुना कुठे आहेत, स्वतःची तब्येत कशी आहे, पत्रामागून पत्र बहुतेक हेच. सुरुवातीला मीही ही पानं भराभर उलटली. पण ती पुन्हा वाचताना वाटू लागलं, की घरची खबर कळवणं हे पुढाऱ्याचं फावल्या वेळेतलं बोलणं नव्हे. ते त्याच्या वाट्याचं घरकाम आहे, आणि लांब राहणाऱ्या जोडीदारासाठी करता येण्याजोगं बहुधा तेवढंच.

असं म्हणायला कारण आहे. १९३३च्या जुलैअखेरीस साबरमतीचा आश्रम विसर्जित झाला होता. बा आणि बापू दोघंही चौसष्ट वर्षांचे, आणि परत जायला घर नाही. सेवाग्राम अजून जवळजवळ तीन वर्षं दूर होतं. मुलांपैकी मणिलाल दक्षिण आफ्रिकेत, हरिलाल दुरावलेले, देवदासांचं लग्न त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात राजाजींच्या लक्ष्मीशी झालेलं. एरवी ज्या बातम्या ओसरीवर बसल्या बसल्या कानावर पडतात, त्या पडायला ओसरीच नव्हती. मग ती पत्रात मांडावी लागते. कोणी म्हणेल, तुरुंगात जाणारं पत्र आधी अधिकारी वाचतात, राजकारण लिहिण्याची सोय नाही, म्हणून उरली ती घरची खबर. हा आक्षेप वजनदार आहे, पण पुरता पटत नाही. राजकारण वगळूनही लिहिण्यासारखं बरंच होतं; बांनी स्वतःच प्रवचन मागितलं होतं आणि ते पत्राच्या शेवटी येतही असे. धर्म, सत्य, संयम यांवर पानंच्या पानं लिहिण्याची सवय असलेला माणूस प्रवचनाच्या आधी सुना-नातवंडांची खुशाली लिहितो, यात नुसता नाइलाज मला दिसत नाही.

याहून बोचरा आक्षेप वेगळा आहे : प्रत्यक्ष जवळ न राहता चार ओळी खरडायच्या, हे फार स्वस्तातलं घरकाम झालं. त्याला पुरावाही आहे. नोव्हेंबर १९०८मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेत फोक्सरस्टच्या तुरुंगात होते आणि फिनिक्सला बा अत्यवस्थ होत्या. दंड भरला असता तर सुटका होती. त्यांनी तो भरला नाही. येऊ शकत नाही असं पत्राने कळवलं आणि मरणाचीही भाषा केली. त्या पत्रात प्रेम आहे हे मान्य करूनही मी त्याची वकिली करणार नाही. आजारी बाईच्या उशाशी माणूस लागतो, तत्त्व नव्हे. पण १९०८चं ते पत्र आणि पंचवीस वर्षांनंतरची ही पत्रं शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. आधीच्या पत्रात नवरा आपला निर्णय समजावून सांगतो आहे. नंतरच्या पत्रांत तो निरोप्या झाला आहे, घरच्यांची हकीकत तिला आणि तिची विचारपूस घरच्यांना.

वर्ध्याचंच दुसरं घर पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. जमनालाल बजाज आणि जानकीदेवी यांचं लग्न १९०२चं, म्हणजे दोघंही पोरवयाची. १९३०मध्ये जमनालालजी नाशिकच्या तुरुंगात, १९३२मध्ये धुळ्याच्या. एरवी काँग्रेसचे खजिनदार म्हणून गावोगाव. पाच मुलांचं घर आणि मालक कायम बाहेर. त्यांचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला. तिथे जानकीदेवींची बाजूही आपल्याला ऐकू येते, जी बांच्या बाबतीत फार थोडी हाती लागते. म्हणून मी या घराचा दाखला अधिक भक्कम मानतो. खबर दोन्हीकडून जाते-येते तेव्हाच तिला संसार म्हणता येतं.

ही खबर नवरा-बायकोच्या हातून निसटली की काय होतं, तेही गांधींच्याच घरात दिसतं. मे १९३६मध्ये हरिलालांनी मुंबईत जाहीरपणे धर्म बदलला. बापाने निवेदन काढलं, आईने मुलाला उघडं पत्र लिहिलं. घरात रडून बोलायची गोष्ट छापून बोलावी लागली. आजचा पुढारी याला पारदर्शकता म्हणेल. आज उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात बायकोच्या अंगावरचं सोनं ग्रॅममध्ये लिहावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण दोघं शेवटचं कधी निवांत बोलले, हा रकाना त्यात नाही. शिवाय २०११पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, तेव्हा लांब असणारी आता पुष्कळदा बायको असते. सभेसाठी वर्ध्याला किंवा मुंबईला गेलेल्या सदस्य बाईंना घरून फोन येतो, तो तूरडाळीचा डबा कुठे ठेवला हे विचारायला. धाकट्याचा ताप उतरला, जेवला, आता झोपला आहे, एवढं कळवायला त्याच घरातून फोन लागतो का?