कानाचं हाड

कोकणातल्या वेळागरच्या समुद्रात डुबकी मारली की आधी कान फसतात. होडीचं इंजिन स्पष्ट ऐकू येतं, पण ती रेडीकडून येतेय की आरवलीकडून, ते काही केल्या कळत नाही. हवेत आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर. पाण्यात तो सगळ्या कवटीतून एकदमच आत शिरतो.

देवमाशाचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात उतरले, तेव्हा त्यांचीही हीच गत झाली असणार. त्यातून त्यांनी वाट कशी काढली, ते कच्छच्या दगडांत आहे. याच अरबी समुद्राच्या वरच्या अंगाला. अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्रा यांनी १९७५ साली तिथल्या जीवाश्मांवर प्रबंध लिहिला; त्यात देवमासेही होते. तिथल्या रेमिंग्टनोसीटस नावाच्या प्राचीन देवमाशाच्या खालच्या जबड्याला मागं मोठं भोक आहे. आजच्या दातवाल्या देवमाशांत तिथं चरबी असते आणि तिच्यातून आवाज कानाकडे जातो. चरबी कोट्यवधी वर्षांपूर्वी कुजून गेली; भोकानं तिची जागा राखली. रेमिंग्टनोसीटसच्या डोळ्यांच्या खोबणी बारीक, म्हणजे पाणी गढूळ असावं. हे मला चटकन पटतं. आमच्या मिठागरांजवळच्या खाडीत भरतीच्या वेळी मनगटापर्यंत हात बुडवला, तर स्वतःची बोटं दिसत नाहीत.

याहून जुनी खूण जम्मूतल्या कालाकोटची. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या पश्चात हान्स थेविसन यांच्याकडे गेले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं हाड दिसलं. त्याची आतली कड जाड होती. तशी कड ही देवमाशाचीच खूण मानली जात होती, आणि हा इंडोह्यूस नावाचा प्राणी तर आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीसारखा, चार पायांवर चालणारा! २००७ साली तो देवमाशाचा जवळचा नातलग म्हणून जाहीर झाला. केवढं मोठं नातं, आणि ते उमगलं केवढ्याशा कडेवरून! हाडं वाचणाऱ्यांच्या या धीराला मी मनापासून मानतो.

आपल्या कोकण किनाऱ्यालाही देवमासे लागतात. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटी निळा देवमासा लागला होता. असा जीव दिसला तर फोटोसाठी त्याच्यावर चढू नका, हाडं घरी नेऊ नका. आधी वनखात्याला कळवा. आणि मेलेला असेल तर पुरण्याआधी जाणकारांना त्याचा जबडा आणि कान नीट पाहू द्या.