दिवा लागतो, पण ओळख पटत नाही
(इयत्ता सातवी)

आमच्या घरी मामाने दिलेला जुना संगणक आहे. माझी आई महिला बचतगटाची सचिव आहे. गटात अकरा बायका आहेत. त्यांचे हप्ते, कर्ज, व्याज असा सगळा हिशेब ताई पेनड्राइव्हवर ठेवते. यंदा पावसात हिशेबाच्या वहीची पाने भिजली. त्यामुळे पेनड्राइव्ह हाच आधार उरला होता.

बँकेत कागद द्यायच्या आदल्या दिवशी ताईने तो डब्याच्या पुढच्या खाचेत घातला. पेनड्राइव्हचा दिवा लागला, पण पडद्यावर इंग्रजी पाटी आली. हे यंत्र ओळखता येत नाही, असा तिचा अर्थ. आई म्हणाली, "आता गं बाई! बायकांना काय सांगू?" तालुक्याच्या एका दुकानदाराला फोन केला. त्याने न बघताच सांगून टाकले, "फॉरमॅट मारा." फॉरमॅट मारला तर आतला हिशेबच जाणार! मला काही तो सल्ला पटला नाही.

ताई आयटीआयला आहे. ती म्हणाली, "विहिरीवरची मोटार चालेना की बाबा लगेच मोटार वर काढतात का? आधी फ्यूज बघतात, मग स्टार्टर, मग केबल. आपण तसंच करू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

आधी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पाटी तीच. मग त्याच खाचेत माउस लावला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. तोच माउस मागच्या खाचेत लावला, तर बाण लगेच पळू लागला. म्हणजे चोर पुढची खाच! पेनड्राइव्ह मागे लावला आणि अकरा जणींचा हिशेब दिसला. ताईने आधी त्याची दुसरी प्रत संगणकात ठेवली, मगच चहा घेतला.

मग दिवा कसा लागला होता? मित्रांनो, साध्या यूएसबी खाचेत चार पट्ट्या असतात. दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. विजेच्या पट्ट्या टेकल्या की दिवा लागतो. माहितीची एक जरी टेकली नाही, तरी ओळख पटत नाही. संगणकाचा प्लग काढून आम्ही बॅटरीच्या उजेडात पाहिले. मधली एक पट्टी वाकलेली होती.

मागे काळ्या आणि निळ्या अशा दोन प्रकारच्या खाचा आहेत. निळी खाच बहुधा यूएसबी ३.० ची असते. ती २००८ साली आली. तिच्यात चाराऐवजी नऊ जोडण्या असतात, म्हणून ती वेगवान. मामाच्या लग्नाचा व्हिडिओ काळ्या खाचेतून उतरवायला सव्वादोन मिनिटे लागली, निळ्यातून एक मिनिटसुद्धा नाही. पण पेनड्राइव्हही तसाच हवा बरं का! जुना पेनड्राइव्ह निळ्या खाचेतही बैलगाडीच्याच चालीने जातो.

पहिली यूएसबी १९९६ साली आली. ती तयार करणाऱ्यांत अजय भट्ट होते. ते बडोद्याला शिकले, हे वाचून मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी आईने कागद बँकेत दिले. वाकलेली पट्टी दुसरीला टेकू नये म्हणून पुढच्या खाचेवर ताईने चिकटपट्टी लावली आहे. दिवाळीत ती नवी खाच आणून बसवणार आहे.