काळी पाटी

परप्रांती बदली झालेल्या माणसाचे पहिले गुरू म्हणजे तेथील पाट्या. कोलकात्यातील बसवरची बंगाली अक्षरे किंवा चेन्नईच्या गल्लीतील तमिळ फलक यांच्यासमोर आपल्यापैकी कोण गोंधळून उभा राहिला नसेल? पाटी सुबक रंगवलेली असते, आपल्याला हवे ते तिच्यावर नेमके लिहिलेलेही असते. परंतु आपल्यापुरती ती कोरीच! पाटी लावणाऱ्याच्या मात्र हे स्वप्नातही येत नाही. ज्याला स्वतःला वाचता येते, त्याला न वाचता येण्याची कल्पना करणे फार कठीण.

आमचा व्यवसाय एका सरकारी कचेरीसाठी संकेतस्थळे रचण्याचा, म्हणजे एका अर्थी पाट्या रंगवण्याचाच आहे. नवे पान तयार झाले की ते साहेबांच्या खोलीत मोठ्या पडद्यावर दाखवले जाते. बोधचिन्ह थोडे मोठे करावे, निळा रंग किंचित गडद असावा, अशा मौलिक सूचना होतात आणि पान मंजूर होते. ते दुसऱ्या एखाद्या ब्राउझरमध्ये पाहावे असे कोणी सुचवलेच, तर क्रोमनंतर एज आणि एजनंतर ओपेरा उघडला जातो. परंतु ओपेराने २०१३ साली आणि एजने २०२० साली आपापले जुने यंत्र टाकून क्रोमच्याच घराण्यातील यंत्र पत्करले. तेव्हा ही साक्ष सख्ख्या भावांची! फायरफॉक्स आणि सफारी यांची यंत्रे निराळी, म्हणून त्यांना आम्ही अगत्याने बोलावतो. तथापि आमचा खरा भरवसा आहे तो एका वृद्ध, निरलंकार साक्षीदारावर.

त्याचे नाव लिंक्स. १९९२ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात हा ब्राउझर जन्मला आणि आजही त्याची देखभाल होते. त्याला चित्रे दिसत नाहीत, मांडणीचे नियम तो मानत नाही, जावास्क्रिप्ट तो चालवत नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, एवढेच त्याचे वैभव. जणू शाळेतली पाटीच! माउसची गरज नाही; खालचा बाण दाबावा, म्हणजे एका दुव्यावरून पुढच्या दुव्यावर जाता येते; उजवा बाण दुवा उघडतो, डावा मागे आणतो. चित्राच्या जागी तो चित्राचे शाब्दिक वर्णन छापतो, आणि रचणाऱ्याने ते लिहिलेच नसेल तर बहुधा कंसात फाइलचे नाव दाखवून मोकळा होतो. पान ज्या क्रमाने लिहिले गेले त्याच क्रमाने ते तेथे उलगडते. त्यामुळे साठ दुव्यांची मिरवणूक पार करून मग मजकूर येतो, किंवा ‘येथे क्लिक करा’ हेच शब्द नऊदा भेटतात, हे सारे तेथे लपत नाही.

आमच्या हाती आलेले एक जुने पान आम्ही असेच या पाटीवर उघडले. निवृत्तिवेतनधारकांसाठीचे परिपत्रक तेथे होते. ते संगणकावर टंकलिखित करून, छापून, सही-शिक्का उमटवून, पुन्हा त्याचे चित्र काढून संबंधित शाखेने चढवलेले. लिंक्सने त्याची एकच ओळ दाखवली: काही आकडे आणि शेवटी ‘जेपीजी’.

ही ओळ आमच्याआधी कोणीतरी ऐकली होती. याच कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मधुमेहाने दृष्टी गमावून बसले आहेत. एन्‌व्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर त्यांना पाने वाचून दाखवतो. नोव्हेंबरात द्यावयाच्या हयातीच्या दाखल्याची सूचना त्या चित्रात होती, आणि त्यांच्या कानी आले ते केवळ आकडे. अखेर पुतण्याने ती वाचून दाखवली. ज्याने उभा जन्म परिपत्रकांचे मसुदे लिहिण्यात घालवला, त्याने आपल्या हयातीचा पुरावा देण्यासाठी पुतण्याच्या सवडीची वाट पाहावी, हे आम्हांस फार लागले.

लिंक्स म्हणजे स्क्रीन रीडर नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. आजचे स्क्रीन रीडर आधुनिक ब्राउझरांबरोबर चालतात आणि जावास्क्रिप्टने रचलेली पानेही वाचू शकतात. म्हणून लिंक्समध्ये जे उमटले नाही ते सर्वांनाच दुर्लभ, असा निष्कर्ष काढू नये. उलट, लिंक्समध्ये उत्तीर्ण झालेल्या पानाची अक्षरे मंद दृष्टीच्या माणसाला फिकी वाटू शकतात. रंगांची पारख या पाटीला नाही. अखेरचा निवाडा वापरणाऱ्या माणसाचाच. पण अर्ध्या मिनिटात, खर्चाविना, पानाचा सांगाडा दाखवणारे याहून सोपे साधन आमच्या पाहण्यात नाही.

शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली निघाली, दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. दोन्हींचा आधार घेऊन आम्ही टिपण सादर केले. हरकत आली: सही-शिक्का दिसला नाही तर परिपत्रक अधिकृत कसे मानावे? तोड निघाली ती अस्सल सरकारी. चित्र खाली राहिले आणि त्याच्या वर संपूर्ण मजकूर आला. टंकलेखनास वीस मिनिटे लागली, मंजुरीस तीन आठवडे!

पान आता पूर्वीपेक्षा सुंदर दिसते असे कोणी म्हणणार नाही. पण काळ्या पाटीवर त्याची पहिली ओळ अशी उमटते: हयातीचा दाखला देण्याची अखेरची तारीख, ३० नोव्हेंबर.