तारीख नसलेले दिवस

वर्तमानपत्रातील किंवा शाळेच्या फळ्यावरील 'दिनविशेष' हा मजकूर कोणी साहित्य म्हणून वाचत नाही. एका ओळीत एक घटना, पुढच्या ओळीत भलत्याच शतकातील दुसरी. 'म्हणून', 'तरीही', 'परंतु' या अव्ययांना तेथे प्रवेश नाही. आपल्याकडे याची जुनी पूर्वपीठिका आहे. शकावलीने तिथ्या नोंदवल्या, बखरीने हकिकत सांगितली. दिनविशेष हा शकावलीचा वंशज. बखरीची बाजू मात्र त्याने सोडून दिली.

मलकापूर कऱ्हाडला लागून आहे आणि कोयना येथून जवळच प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. त्यामुळे 11 डिसेंबर ही तारीख मला कधी परकी वाटली नाही. 1967 साली त्या दिवशी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर परिसरात भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. जागतिक भूकंपसूचीत मात्र हीच घटना 10 डिसेंबरला सापडते, कारण ग्रिनिचच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे 10 वाजून 51 मिनिटे झाली होती. तारीख ही घटनेच्या अंगची वस्तू नव्हे; ती नोंदणाऱ्याच्या जागेवरून ठरते, हे मला या एका नोंदीने शिकवले.

तिकडची वयस्कर माणसे तर तारीख सांगतच नाहीत. 'भूकंपाच्या आदल्या साली लग्न झालं', असे ती म्हणतात. दिनविशेषात तारीख आधी येते आणि घटना तिच्या पदरात पडते. या बोलण्यात घटनाच कालगणना होऊन बसते. पण तिलाही मर्यादा आहे. भूकंपाआधी काही वर्षे धरणाचे पाणी चढू लागले आणि खोऱ्यातील गावे उठली. कुणी आज गेले, कुणी पावसाळ्यानंतर. त्या उठण्याला एक पहाट नव्हती, एक मिनिट नव्हते. म्हणून त्याचा दिनविशेषही नाही. धरणीने हादरवलेले लक्षात राहिले. धरणाने उठवलेले पानाबाहेर राहिले.

बेचाळीसच्या चळवळीतही हेच दिसते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात कऱ्हाडच्या कचेरीवर 24 ऑगस्ट 1942 रोजी बाळकृष्ण पाटील उंडाळकर यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला. 3 सप्टेंबरला तासगावला गेला. दोन्ही शांततेत पार पडले. 9 सप्टेंबरला वडूजला आणि 10 सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला. वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह अनेकजण हुतात्मे झाले. हुतात्म्यांचे दिवस पाळले जावेत, यात वाद नाही. पण ज्या मोर्चात कुणी मेले नाही, तो कमी धैर्याचा होता काय? बंदुका झाडल्या जाणार नाहीत, हे निघताना कुणाला ठाऊक होते? आणि पुढे 1943 पासून गावोगाव न्यायनिवाडे करणारे नाना पाटलांचे प्रतिसरकार कोणत्या तारखेखाली लिहायचे? भांडण मिटलेल्या संध्याकाळी पंचांगात उतरत नाहीत.

रक्त सांडले की दिवस ठरतो, राबणे मात्र वर्षांत विरून जाते. विद्यार्थ्यांना इतिहासाची पहिली चव याच ओळींतून मिळते, म्हणून ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. मृत्यू आणि आपत्ती यांचीच मोजदाद शिकलेली पिढी, ज्यांनी केवळ निभावून नेले त्यांना अनैतिहासिक समजेल.

दिनविशेष बंद करावा, असे मला सुचवायचे नाही. प्रत्येक ओळीपुढे एक अव्यय ठेवावे, इतकेच. '11 डिसेंबर 1967 : कोयना भूकंप, आणि त्यापूर्वी...' या 'आणि'पुढची जागा मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून भरावी. शकावलीला तिची बखर परत मिळेल ती अशाच रिकाम्या जागेतून.